खुणेपुढची वेळ

मित्रांनो, सरळ बसा आणि लक्ष देऊन ऐका. मी एक जुनी कामांची यादी आहे. माझ्यात रंग नाहीत, चित्रे नाहीत, टुणटुण वाजणारी घंटा नाही. संगणकातील निव्वळ अक्षरांची एक साधी फाईल, एवढीच माझी ओळख. आणि ती सांगताना मला तिळमात्र संकोच वाटत नाही. माझ्यानंतर जन्मलेल्या कितीतरी नटव्या याद्या आज उघडतसुद्धा नाहीत. मी मात्र कोणत्याही संगणकावर पहिल्या हाकेला उभी राहते.

माझा जन्म पुस्तकबांधणीच्या एका दुकानात झाला. दुकान सासूसुनेचे. सासूबाईंच्या बोटांत चाळीस वर्षांचे कसब होते. जुन्या पुस्तकाचा कणा नुसता चाचपून त्या त्याचा आजार ओळखत. सूनबाई नव्याने शिकत होत्या, पण संगणक त्यांच्या हातचा मळ होता. त्यांनीच मला लिहिले. माझी पहिली ओळ होती, ‘कात्रीला धार लावणे’. काम झाले की ओळीआधी एक फुली पडे. फुली म्हणजे झाले. एवढा साधा माझा संसार.

त्या संसारात एक उणीव होती. खळ लावलेले पुस्तक पूर्ण चोवीस तास चाकाने आवळायच्या शिकंज्यात दाबून ठेवावे लागते. आधी काढले तर पुठ्ठा वाकतो आणि ओला कणा उलतो. फुली सांगे, पुस्तक दाबले आहे. पण कधी दाबले, हे माझ्या पोटात नव्हते. मग दोघींची जुंपे.

‘‘आई, हे काल सकाळी ठेवलंत की संध्याकाळी?’’

‘‘मला काय विचारतेस? पुठ्ठ्याला हात लावून बघ, तोच सांगेल.’’

‘‘तुम्हाला सांगतो तो. माझ्याशी अजून बोलत नाही.’’

अखेर सूनबाईंनी पदर खोचला आणि माझ्या मांडणीत एक छोटीशी सोय बसवली. फुली टाकताच तिच्यापुढे दिनांक व वेळ आपोआप उमटू लागली: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग तास आणि मिनिटे. मोठ्यापासून लहानापर्यंत असा क्रम ठेवला की ओळी आपोआप काळाप्रमाणे लागतात. घरातसुद्धा हाच क्रम शोभतो, असे माझे मत आहे.

पहिल्या दिवशी मात्र माझे हसे झाले. संगणकाचे घड्याळ कधीचे बिघडलेले होते, हे कोणाच्याच ध्यानात आले नव्हते.

‘‘आई, इकडे या! दोऱ्याला मेण लावायचं काम तुम्ही माझ्या लग्नाच्या सहा वर्षं आधीच उरकलंत!’’

‘‘मग? माझी कामं वेळेआधीच होतात. शिक जरा.’’

सूनबाईंनी घड्याळ नीट लावले आणि माझी अब्रू सावरली. पुढे काही महिने मी अशी काही मिरवले की विचारू नका. ‘यादीला विचार’ हा दुकानातला परवलीचा शब्द झाला.

परंतु मित्रांनो, घड्याळ दुरुस्त करता येते, सवय नाही. सासूबाईंची एक जुनी खोड होती. काम हाती घेतले की त्या लगेच फुली टाकत. ‘‘मी हातात घेतलं म्हणजे झालंच समज,’’ असे त्या म्हणत. आणि खरे सांगायचे तर त्यांचे काम कधी अडत नसे.

एकदा दवाखान्यातील एक परिचारिका आपल्या दिवंगत आईची वही घेऊन आली. आईने बागेतल्या प्रत्येक झाडाची हकीकत त्यात स्वतःच्या अक्षरात लिहिली होती. पाने सुटी झाली होती, कडा कुरतडल्या होत्या. तिची थोरली बहीण गुरुवारी रात्रीच्या विमानाने परदेशी कायमची निघाली होती. वही तिच्यासोबत जायची होती.

बुधवारी सकाळी सव्वानऊला सासूबाईंनी वही पुढ्यात घेतली आणि ‘वही शिकंज्यात ठेवणे’ या ओळीवर फुली टाकली. मी इमानाने वेळ उमटवली. सूनबाई पुठ्ठे आणायला दिवसभर बाहेर होत्या. पाने इतकी नाजूक निघाली की शिवता शिवता दुपार टळली. वही शिकंज्यात गेली तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. मला ते कोणी सांगितले नाही.

गुरुवारी साडेनऊला सूनबाईंनी मला पाहिले, चोवीस तास मोजले आणि शिकंज्याचे चाक फिरवायला घेतले. एक फेरा झाला. दुसरा अर्धा झाला.

‘‘थांब! हात काढ!’’ सासूबाई आतल्या खोलीतून ओल्या हातांनीच धावत आल्या.

‘‘अहो, पण सव्वानऊला ठेवलीये! यादीत आहे!’’

सासूबाईंनी चाक पुन्हा घट्ट आवळले. वहीची कड चाचपली. कणा शाबूत होता. मग त्या स्टुलावर बसल्या आणि ओले हात पदराला पुसले.

‘‘पाचला ठेवली गं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘यादी खोटी नाही. फुली खोटी. ती माझी.’’

दोघी बहिणी दहाला आल्या. सासूबाईंनी आडपडदा न ठेवता चूक कबूल केली आणि पाचपर्यंत थांबण्याची विनंती केली. बहिणी दुकानातच बसल्या. वही शिकंज्यात होती म्हणून त्यांनी ती तोंडपाठ आठवायला सुरुवात केली.

‘‘लिंबाच्या झाडाबद्दल काय लिहिलं होतं?’’

‘‘‘हट्टी आहे, धाकटीवर गेलं आहे.’’’

‘‘थोरलीवर!’’

हसता हसता दोघींचे डोळे भरले. पाच वाजता वही निघाली, ताठ आणि देखणी.

त्या निघून गेल्यावर सासूबाई संगणकापुढे बसल्या. ‘‘हिच्यात दोन वेळा हव्यात. हातात घेतलं त्याची वेगळी आणि झालं त्याची वेगळी. कर.’’ सूनबाईंनी तत्काळ केले. मग सासूबाईंनी सुनेला बाहेर धाडले आणि एका बोटाने अक्षरे शोधत स्वतः एक ओळ लिहिली: ‘सुनेला शाबासकी देणे’.

बाळांनो, यादी म्हणजे आरसा. तुम्ही जे दाखवाल तेच ती दाखवील. काम पुरे झाल्याशिवाय त्यावर खूण करू नका आणि चुकून केलीत तर तोंडाने कबूल करण्याची धमक ठेवा.

आज मी हजारो ओळींची झाले आहे. सूनबाई माझी एक प्रत रोज दुसरीकडे जपून ठेवतात, म्हणून मी निर्धास्त आहे. माझ्यातील सारी जुनी कामे पुरी झाली आहेत, एक सोडून. त्या ओळीपुढे पहिली वेळ आहे, त्याच गुरुवारची, संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटे. दुसरी जागा रिकामी आहे. सूनबाईंनी एकदा धीर करून विचारले, ‘‘आई, यावर फुली टाकू का?’’

‘‘खबरदार,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘ते काम अजून चालू आहे.’’