एकही मृत्यू नाही

फोनवरची मुलगी मोठ्या गोडीनं बोलली. डॉक्टर अमरनाथांच्या हॉस्पिटलात कोविडातून बरे झालेल्यांचा मेळावा आहे, कल्याणप्पांना घेऊन या, सत्कार करायचाय. नंदीशनं फोन बाजूला धरून आईकडं बघितलं. बाप जाऊन वर्ष उलटलं होतं.

"चुकून लागला आसंल," गिरिजाबाई म्हणाली. "पन जाऊ आपुन. डाक्टरनं लई धडपड केली हुती. दोन शब्द बोलून येऊ."

मुरुमच्या आडत बाजारात जन्म गेलेली बाई. माणसाची पारख आपल्याला आहे, असा तिचा समज होता. नवऱ्याचा श्वास घसरला तेव्हा डॉक्टर स्वतः बाहेर आला होता. हात जोडून म्हणाला होता, "आजी, सोलापूरला हलवा, तिथं वाचतील." तिनं त्या जोडलेल्या हातांवर विश्वास ठेवला. नळदुर्गच्या पुढं गाडीतच कल्याणप्पा गेले. सोलापूरच्या सरकारी लोकांनी मढं ताब्यात घेतलं आणि कोविडचं म्हणून परस्पर जाळून टाकलं. मातीत ठेवायचं लिंगायताचं मढं, आणि जाळलं! वर्षभर ती गाडीच्या ड्रायव्हरला शिव्या देत राहिली, की मेल्यानं जरा जोरात हाणली असती तर. साप भलतीकडंच होता, बाई भुई धोपटत बसली होती.

हॉस्पिटलसमोर मांडव घातला होता. वर भला मोठा फलक, 'एकही मृत्यू नाही'. खाली डॉक्टरचा हसरा फोटो. दारात शुभांगी सिस्टर गुलाबपाणी शिंपडत होती. गिरिजाबाईला बघताच तिचा हात थांबला.

"आजी, तुम्ही कशाला आलात?"

"तुमीच बोलावलं की. आमचे मालक बरे झाले म्हनून. चुकलं आसंल कुनाचं तरी."

शुभांगीनं इकडंतिकडं बघितलं आणि तिला खांबाआड घेतलं. "चुकलं न्हाई, आजी. हितनं जिता बाहेर पडला त्यो बरा झाला, असंच धरत्यात. माणूस जातोय असं दिसलं की गाडी मागवायचे. मग वाटंत गेला काय न्हाय तर सोलापुरात गेला काय, हितं गेला न्हाई ना!"

"आमच्या मालकांचं ठावं हुतं डाक्टरला?"

"हलवलं तर टिकत न्हाईत, हे मीच सांगितलं हुतं त्यास्नी. 'गाडी लावा' म्हनाले."

गिरिजाबाईला किळस आली. दिवाळीला ह्याच माणसाला तिनं आपल्या हातची शेंगापोळी धाडली होती. ती पोळी आता तिच्याच घशाशी आली. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे असतात हे ती ऐकून होती. आपणच त्याला वर पोळीही वाढली, हे तिला सोसवेना.

"अव्वा, चल घरी," नंदीश म्हणाला.

"का म्हनून? बोलावल्यात की."

स्टेजवर खुर्च्या मांडल्या होत्या. नाव पुकारलं की बरा झालेला माणूस वर जाऊन बसायचा, डॉक्टर त्याला हार घालायचा, टाळ्या पडायच्या. "श्री. कल्याणप्पा, मुरुम!" पुकारा झाला. गिरिजाबाई पदर खोचून वर चढली. डॉक्टरनं तिला ओळखलं, हसू मात्र ढळू दिलं नाही.

"आजोबा नाही आले?"

"वारले. तुमी गाडीत घातलं तवाच."

डॉक्टर जवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "आजी, आमच्या इथून ते जिवंतच गेले होते. आता कार्यक्रमात कशाला हा विषय?"

एवढ्या माणसांत, पोरांची समजूत घालावी तशा आवाजात. तिला वाटलं, ह्याच्या तोंडावर थुंकावं. त्याऐवजी तिनं त्याच्या हातातला हार काढून घेतला आणि रिकाम्या खुर्चीच्या पाठीला घातला. माईक हातभर अंतरावर होता. कल्याणप्पांच्या दुकानात लिलावाला लागणारा आवाज तिनं लावला.

"आमच्यात मेलेल्या मानसाला बसवत्यात. न्हाऊ घालून, इबूत लावून, हार घालून बसवत्यात, आन् बसवूनच मातीत ठिवत्यात. ह्या डाक्टरानं आमच्या मालकांस्नी मरायला रस्त्यावर घातलं, म्हनून त्यास्नी बसायला मिळालं न्हाई. म्या आज बसवलंय. ते ह्या दवाखान्यात मेल्यात. आता मोजा!"

डॉक्टरनं माईकवाल्याला डोळ्यानं खुणावलं. तो बिचारा घाईघाईनं पुढचं नाव वाचून गेला, "श्री. राजपाल, सास्तूर!"

वर कुणीच गेलं नाही. मग पाठीमागून पांढऱ्या लुगड्यातली एक म्हातारी उठली. राजपालची आई, जाईबाई. तिनं आधी फलकाकडं बघितलं, मग हार घातलेल्या खुर्चीकडं.

"आमच्यात बसवत न्हाईत, बाई," ती म्हणाली. "पन माझ्या लेकालाबी एक खुर्ची द्या."