धुकं वळणारी

पळसदेवच्या पाण्यावरचं धुकं आपोआप निघून जातं, असं सगळ्यांना वाटतं. तसं ते जात नाही. त्याला हाकून न्यावं लागतं. ते काम रंगूबाईंचं, आणि या हिवाळ्यात ते शिकायला मोरगावची सोनम आली होती.

धुकं वळायचं म्हणजे शेळ्या वळण्यासारखंच. पहाटे काठाकाठानं फिरायचं, जिभेनं टकटक करायचं, की पांढरे पुंजके एकमेकांना ढुशा देत खोल पाण्याकडं सरकतात आणि होडीवाल्यांना काठ दिसतो. सोनम चालायला शिकली तीच शेळ्यांच्या मागं, त्यामुळं हे तिला लवकर जमलं. जमलं नाही ते गप्प राहणं. रंगूबाई कामापुरतंच बोलत.

"धुक्याला नाव द्यायचं न्हाय," त्यांनी बजावलं होतं. "नाव दिलं की त्ये जात न्हाय."

एक लहानसा पुंजका मात्र रोज कळपाच्या मागं राहायचा. सोनम भाकरी खायला बसली की तिच्या पायांशी येऊन लोळायचा. घरी करडू जन्मलं की सोनम त्याच दिवशी त्याला नाव देऊन मोकळी व्हायची. इथं तर बोलायला दुसरं कोणीच नव्हतं. एकदा तिच्या तोंडून निघून गेलं, "ढवळे, ये गं."

ढवळी आली ती राहिली, आणि वाढत गेली. एका सकाळी तिनं अख्खा काठ झाकून टाकला. सूर्य वर आला तरी ती हलेना. पाण्यावर रामहरीतात्यांची होडी होती.

रंगूबाईंनी फोन लावला. "तात्या, कुठं हायसा?"

"हितंच हाय की, आक्का!"

"हितं म्हंजी कुठं?"

"पांढऱ्यात! माज्या मिशा बी दिसनात मला." तात्या हसले. मग त्यांचा आवाज उतरला. "बुडाला दगूड घासतोय, आक्का. धरणात बुडाल्यालं देऊळ तर न्हवं? फळी फुटंल."

रंगूबाईंनी जीभ टकटक वाजवली. धुकं जागचं हललं नाही. त्यांनी सोनमकडं पाहिलं.

"काय म्हनतीस हिला?"

"ढवळी."

"शेळ्या राखायला आलीस व्हय गं हितं?" मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आता माजं ऐकायची न्हाय ती. तुज्या मागं येईल. माळावर ने. तितं ऊन हाय."

उन्हात धुक्याचं काय होतं, ते सोनमला ठाऊक होतं.

ती पाण्याकडं पाठ करून चालू लागली. "ढवळे, ये." टाचांना गारवा लागला. चढावर एक बाभूळ होती. ढवळी त्या सावलीकडं ओढ घ्यायला लागली. तिथं थांबलं असतं तर ती थोडीशी तरी उरली असती. पण तिचं दुसरं टोक अजून पाण्यावर होतं. सोनम थांबली नाही. "ये गं, ये," म्हणत ती बोडक्या माळावर गेली. ढवळी मागोमाग आली.

"दिसला! काठ दिसला!" खालून तात्या ओरडले.

सोनमनं वळून पाहिलं. ढवळी करडाएवढी झाली होती. मग ओंजळीएवढी. सोनमनं हात पुढं केला. तळवा ओला झाला, आणि लगेच वाळला.

तिनं पुन्हा एकदा हाक मारली. माळावर लख्ख ऊन पडलं होतं.

ती खाली आली तेव्हा तात्यांची होडी काठाला लागली होती आणि रंगूबाई तिच्याजवळ उभ्या होत्या.

"उद्यापास्नं तू एकटीच जायाचं," त्या म्हणाल्या. "शिकलीस."

सोनमनं मान हलवली. पाणी दूरवर स्वच्छ दिसत होतं, पार पलीकडच्या काठापर्यंत. त्यावर काही नव्हतं.