गंगेचे जिरे

जळकोटच्या शाळेत मी संस्कृत शिकवीत असे. मासे कसे पाळावेत हे शिकविण्याचे काम माझ्याकडे आले, ते केवळ एका पत्रकाच्या भाषेमुळे. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा तीनच महिने झाले होते. शाळांनी गावच्या तळ्यात मासे वाढवून मुलांना ती विद्या द्यावी, असे सरकारी पत्रक आले. त्यात 'मत्स्यसंवर्धन', 'संगोपनकुंड', 'जलशुद्धी' असे शब्द पंगतीला बसावेत तसे ओळीने बसले होते. विज्ञानाचे शिक्षक नुकतेच बदलून भूमला गेले होते. मुख्याध्यापकांनी पत्रक माझ्यापुढे सरकवले.

"विष्णुपंत, ही तुमचीच भाषा. तुम्हीच शिकवा."

"आमच्या घरात सात पिढ्यांत मासळी शिजलेली नाही," मी म्हणालो.

"शिजवायला कोण सांगतंय? जगवायचेत."

त्या एका शब्दावर मी होकार दिला, आणि पहिल्याच वर्षी ते सारे मारले.

रोहू, कटला, मृगळ यांची पिले त्या काळी थेट बंगालहून, मातीच्या घागरींतून येत. आकाराने जिऱ्याएवढी, म्हणून त्या अवस्थेचे नावच मत्स्यजिरे. गंगेच्या पाण्यातून आलेली घागर! आमच्या घरी काशीहून आणलेला गंगेचा गडू असे. त्याचे तोंड झाळून बंद केलेले, आणि स्थान देवापुढे. मी तीच रीत चालविली. घागरीचे तोंड फडक्याने व कणकेने बंद केले, ती सरस्वतीच्या तसबिरीपुढे ठेवली, आणि दुसऱ्या दिवशीच्या सुमुहूर्तापर्यंत तिला कोणाचा धक्का लागू दिला नाही. मुहूर्तावर घागर उघडली, तेव्हा सारे जिरे पांढरे पडून तळाशी बसले होते. आठवीच्या वर्गाने तळ्याकाठी त्यांच्यासाठी चौकोनी खड्डा खणून, त्यात पाणी घेऊन ठेवले होते. त्या खड्ड्यापर्यंत घागर पोहोचलीच नाही. नीलम्मा नावाची मुलगी हातातली कुदळ खाली न ठेवताच रडू लागली.

तळ्यावर जाळे टाकणारी हरणाबाई भोईण तेथे उभी होती. तिने घागरीत डोकावून पाहिले आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "गुरुजी, तुमचं नाक बांधून तुमाला देव्हाऱ्यात बसवलं, तर तुमी किती वेळ बसचाल?"

मुले हसली नाहीत. दुसऱ्या दिवशी तिच्या झोपडीपुढे जाऊन मी तिला वर्गात शिकवायला येण्याची विनंती केली.

"म्या? मला सही बी येत न्हाय, गुरुजी."

"मला सही येते," मी म्हटले. "त्याने काय झाले ते तुम्ही पाहिलेत."

ती आली. पहिल्या दिवशी उंबऱ्यापाशी थबकली. मुले उठून उभी राहिली, तेव्हा कोण मोठा माणूस आला म्हणून तिने मागे वळून पाहिले! तिच्या हातात बादली होती आणि बादलीत तळ्यातले जिवंत शिंपले. वेदान्ताच्या पाठात शिंपल्याच्या जागी रुपे दिसण्याचा दृष्टान्त मी तीस वर्षे सांगत आलो होतो, पण जिवंत शिंपला मी त्या दिवशी प्रथम पाहिला. तिने दोन मडक्यांत सारखेच गढूळ पाणी भरले आणि एकात शिंपले सोडले. शाळा सुटायच्या वेळी शिंपल्यांच्या मडक्याचा तळ दिसू लागला, दुसरे मडके होते तसेच गढूळ राहिले. वर्गात असा गलका उठला की मुख्याध्यापक छडी घेऊन धावत आले, आणि मडक्यात पाहून छडी खाली टाकून तिथेच उकिडवे बसले.

"पाणी गाळून पितंय ते," हरणाबाई म्हणाली. "शिंपलं राहिलं तर पाणी राहतंय, पाणी राहिलं तर मासा."

नीलम्मा सर्वांत पुढे होती, पण हात मागे बांधून. तिचे वडील कल्याणप्पा हे एस.टी.च्या थांब्यापासून दूर, बाजाराच्या टोकाला किराणा-मसाल्याचे दुकान चालवीत. शिवभक्त, कडक आचाराचे गृहस्थ. त्यांनी मला स्पष्ट बजावले होते, "मास्तर, पोरीनं ऐकावं, लिहावं. हात लावायचा न्हाय."

दुसऱ्या वर्षीच्या श्रावणात सरकारी खात्याचे पत्र आले. दोन घागरी पाठवीत आहोत. सकाळी दहाच्या गाडीने पोहोचतील. मागील अनुभव पाहता, यंदाही जिरे दगावल्यास या शाळेस पुन्हा पुरवठा होणार नाही. ती शेवटची ओळ मी वर्गात वाचून दाखविली. नंतर सर्वजण उठून जिरे खाऊन टाकणारे खड्ड्यातले किडे काढायला गेले.

या खेपेला माझ्याकडून चूक होऊ नये म्हणून घागरींवर बांधायच्या चिठ्ठ्या मी स्वतः बोरूने लिहून त्या खात्याकडे आगाऊ पाठविल्या होत्या. वरच्या ओळीत ठसठशीत 'मत्स्य', खाली तितकेच ठसठशीत 'जिरे', आणि त्याखाली 'जळकोट'.

त्या मंगळवारी साडेनऊ वाजता सबंध वर्ग थांब्यावर उभा होता. हरणाबाईने नवे लुगडे नेसले होते. दहाची गाडी आली, टपावरच्या ट्रंका उतरल्या, कोंबड्यांची डाल उतरली, पण घागरी आल्याच नाहीत.

"मासे?" थांब्यावरचा सामान उतरवणारा डोके खाजवीत म्हणाला. "मासे न्हाय बा. सातच्या गाडीनं दोन घागरी आल्या व्हत्या, पण त्या जिऱ्याच्या. चिठ्ठीच व्हती की, जिरे, जळकोट. जिरं म्हणल्यावर कल्याणप्पाकडं दिल्या टाकून."

घागरीच्या तोंडाशी बांधलेल्या चिठ्ठीची वरची ओळ हिंदकळत्या पाण्याने धुऊन गेली होती! तीन तास. तीन तास मसाल्याच्या कोठीत, तोंड बांधलेल्या दोन घागरी, आणि धनी असा की मासळीचा वास आला तर दुकान धुऊन काढील.

"अप्पा फेकून देतील!" नीलम्मा ओरडली आणि धावत सुटली.

तिच्यामागे वर्ग, वर्गामागे हरणाबाई, आणि हरणाबाईमागे मी, धोतराचा सोगा हातात धरून. छपन्नाव्या वर्षी मी भर बाजारात धावलो. कोणी विचारले, "पंत, कुठं आग लागली?"

दुकानासमोर गिऱ्हाइकांचा घोळका होता आणि आतून कल्याणप्पांचा आवाज येत होता, "गूळ पायजे तर स्वतः जोखून घ्या! माझे हात मोकळे न्हाईत!"

आम्ही आत शिरलो. कल्याणप्पा दोन घागरींच्या मध्ये मांडी घालून बसले होते. गळ्यातले लिंग त्यांनी सदऱ्याच्या आत जपून ठेवले होते, दोन्ही बाह्या कोपराच्या वर, आणि एक हात या घागरीत, एक त्या घागरीत. दोन्ही हातांनी ते पाणी ढवळीत होते. कपाळावरचा घाम भस्मातून वाट काढीत डोळ्यात उतरत होता, पण पुसणार कशाने?

"मास्तर!" मला पाहताच ते गरजले. "हे तुमचं काम व्हय? जिरं पाण्यात कोण पाठवतंय म्हणून फडकं सोडलं, तर जिरं वर येऊन तोंड वासायलं! शिवा शिवा! हात घालून हलवलं की खाली जातंय, हात काढला की पुन्हा वर! सात वाजल्यापास्नं असा बसलोय. गडी नळदुर्गला गेलाय. मेलं असतं तर पाप माझ्या माथी!"

हरणाबाई पुढे झाली. तिने दोन्ही घागरींत पाहिले. आम्ही सारे तिचे तोंड पाहत होतो.

"हायेत," ती म्हणाली. "समदे हायेत, गुरुजी! सावकारानं वारा घातला त्यास्नी."

पोरांनी जो कल्ला केला, त्याने मिरच्यांच्या पोत्यावरचे मांजर रस्त्यापार गेले. नीलम्मा मात्र वडिलांसमोर हात मागे बांधूनच उभी होती.

"अप्पा, मी हात लावू?"

कल्याणप्पांनी आपल्या कोपरापर्यंत भिजलेल्या हातांकडे पाहिले. "आता काय विचारतीस? लाव लवकर. माझे खांदे गेले!"

मग ती मिरवणूक निघाली. घागरी पोरांच्या खांद्यांवर, पोरांच्या दोन्ही अंगांना पाणी हलविणारे हात, पुढे वाट मोकळी करणारी हरणाबाई. खड्ड्याशी पोहोचताच मुले घागर उलटी करायला निघाली, तिने ओरडून थांबविले.

"थांबा की रं! पाण्याची पाण्याशी वळख तर व्हऊ द्या."

घागरी गळ्यापर्यंत खड्ड्यात बुडवून ठेवल्या. थोडे खड्ड्यातले पाणी आत, पुन्हा थोडे. नीलम्मा ओंजळीने घालीत होती आणि दर ओंजळीला मोजत होती. तो अर्धा तास काही केल्या सरेना.

"आता गुरुजी, तुमी सोडा," हरणाबाई म्हणाली.

मी गुडघाभर पाण्यात उतरलो. गतवर्षीचे ते पांढरे पडलेले जिरे माझ्या डोळ्यांपुढे होते. मी घागर कलती केली आणि पाण्याखाली हात धरला. प्रथम काहीच नाही. मग बोटांच्या फटींतून काही सुळसुळले. आणखी, आणखी. एक धूसर रेघ माझ्या तळहातावरून पुढे गेली, पसरली, आणि प्रत्येक जिरे आपापल्या वाटेने निघाले. संध्येच्या वेळी या हातांनी मी आयुष्यभर पाणी सोडले होते. पाणी आपण होऊन हातातून चालत गेल्याचा अनुभव मला त्या दिवशी आला.

"जगले!" नीलम्मा किंचाळली. साऱ्या वर्गाने तो शब्द उचलला, आणि मीही, कमरेचे धोतर ओले झाल्याचे भान न राहून, ओरडलो.

काठावर कल्याणप्पा उभे होते. दुकान तसेच टाकून आले होते. त्यांनी हळूच हरणाबाईला विचारले, "पुढं काय करनार ह्याचं?"

"मोठं झालं की जाळं टाकणार, सावकार. खोटं कशाला बोलू? आमचं पोट त्येच्यावरच हाय."

त्यांनी वाकून एकवार पाण्यात पाहिले. "मोठं होऊस्तोवर तरी उपाशी ठेवू नका," एवढे बोलून ते गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नीलम्मा शाळेत आली ती डोक्यावर भुईमुगाच्या पेंडीची पाटी घेऊन. "अप्पांनी दिलीय. कुटून घाला म्हणाले." मग पुढे दर आठवड्याला पाटी येत गेली, आणि पाटीमागून एखादे वेळी कल्याणप्पाही, काठावर उभे राहून लांबूनच पाहणारे.

त्यांच्या दुकानात कोणी जिरे मागितले की ते तागडी हातात धरून, गंभीर चेहऱ्याने विचारू लागले, "कोणतं पायजे? खायचं, का जगवायचं?"