बारकी बोरं

प्रणालीने हलव्याचा मुकुट निलयच्या डोक्यावर दाबून धरला, कारण तो सारखा ओढून काढत होता. पाटावर बसवलेलं अकरा महिन्यांचं पोर, अंगात काळं झबलं. भोवती मराठी मंडळातल्या बायका मोबाइल धरून उभ्या. वैशाली नगरच्या गच्च्यांवर सकाळपासून स्पीकर लागले होते. कुणाचा पतंग कापला की अख्खी गल्ली ओरडत होती.

"सोड आता त्याला. समोर येऊन बस," सरोजिनीकाकू म्हणाल्या.

प्रणाली समोर बसली. बायका हसल्या की आपणही हसायचं, हे तिला आताशा जमत होतं. फक्त थोडा उशीर व्हायचा.

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी बोरन्हाणाचं सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. काकांच्या विम्यातल्या नोकरीमुळे त्या जयपूरला आल्या आणि इथल्याच झाल्या. पण बोरांच्या बाबतीत अजून हट्ट. इथली बोरं लिंबाएवढी. "ती लेकराच्या डोक्यावर ओततात होय? मतलब, टेंगूळ येईल त्याला," म्हणत त्यांनी सकाळभर मंडी पालथी घालून बारकी, गावाकडच्यासारखी बोरं आणली होती.

त्यांनी माप उपडं केलं. बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, चॉकलेटं निलयच्या डोक्यावरून घरंगळली आणि पोरं तुटून पडली. खुर्चीवर चढून तिचा नवरा अमेय व्हिडिओ घेत होता. त्याच्या कॅमेऱ्यात पोरांच्या पाठीच दिसत होत्या.

त्या पाठींच्या फटीतून प्रणालीला निलय नीट दिसत होता. त्याने मुठीत एक बोर पकडलं. बघितलं. तोंडात घातलं.

आता ते घशात जाईल, तिच्या मनात आलं. लांबच्या गच्चीवरचा पतंग कलताना बघावा, तशी ती बघत राहिली. निलयचे डोळे मोठे झाले. आवाज आला नाही.

"अगं बाई!" काकूंनी पोरांना ढकलून त्याला उचललं, हातावर पालथं घातलं आणि पाठीत थापट्या मारल्या. तिसऱ्या की चौथ्या थापटीला बोर फरशीवर पडलं. निलयने टाहो फोडला, तेव्हा दोन बायका रडायलाच लागल्या.

प्रणाली उठली. तिने त्याला घेतलं, तोंड पुसलं, चमच्याने पाणी पाजलं.

"किती शांत राहिली बघा ही," कुणीतरी म्हणालं. "माझे तर पायच गळाले असते."

संध्याकाळी बायका गेल्यावर काकू सोफ्याच्या कडेला बसून राहिल्या. निलय दोनदा रांगत त्यांच्या पायाशी आला, पण त्यांनी उचललं नाही. अमेय चुरमुरे झाडत होता.

"इथली मोठी बोरं काय वाईट होती, काकू?" तो मान वर न करता म्हणाला. "तोंडात तरी गेली नसती. पण नाही, अगदी गावच्यासारखं पाहिजे."

"चुकलं रे बाबा. डॉक्टरांनी बघितलं, ठीक आहे म्हणाले, तेवढं नशीब. आता नाही कुणाच्या लेकराला हात लावायची मी." त्यांनी हात पुढे केले. "बघ, अजून थांबत नाहीत."

प्रणाली त्या थरथरणाऱ्या हातांकडे बघत होती. मग तिने स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

"काकू, मला दिसलं होतं."

"काय गं?"

"त्याने बोर तोंडात घातलं ते. तुमच्या आधी. मी बघत बसले."

अमेयचा झाडू थांबला. "काहीतरी बोलू नकोस. दमली आहेस तू."

"तू गप रे," काकू म्हणाल्या. त्या प्रणालीकडे वळल्या. "घाबरून गोठलीस का? होतं तसं."

"घाबरले असते तर बरं झालं असतं." तिचा आवाज भाजी निवडताना बोलावं तसा होता. "काहीच वाटलं नाही. तो रडला तेव्हाही नाही. दिवाळीत त्याला दात आला, तुम्ही सगळ्या हसलात, म्हणून मी हसले. त्याचं सगळं वेळेवर करते मी. पण आज हात उचलला गेला नाही."

काकूंनी तिच्या पाठीवर हात ठेवायला उचलला आणि पदराला पुसून परत मांडीवर ठेवला.

"हे तुझ्या आईला सांगू नकोस हं फोनवर," अमेय हळूच म्हणाला. "उगाच वेगळाच अर्थ काढतील. चार दिवस झोप नीट काढ, मी सुट्टी घेतो."

"उद्या डॉक्टरांकडे जायचं," प्रणाली म्हणाली.

"जाऊ की. मीही तेच म्हणणार होतो. घसा पुन्हा एकदा दाखवून घेऊ त्याचा."

प्रणालीने निलयला उचललं. त्याच्या मुठीला चिकटलेला चुरमुरा काढला, गार पडलेली पावलं तळहातात धरून थोडी चोळली आणि त्याला काकूंच्या मांडीवर ठेवलं. काकू आक्रसल्या. पण पोर घसरायला लागलं, तसे त्यांचे हात आपोआप त्याच्याभोवती आले.

"उद्या निलय काकूंकडे राहील," प्रणाली म्हणाली.

अमेय झाडू धरून तिच्याकडे बघत राहिला. बाहेर कुणाचा तरी पतंग कापला, आरडाओरडा झाला आणि विरला.

"किती वाजता निघायचं?" त्याने विचारलं.