डावीकडची जागा

“बायाक्का, जरा ऊठ बघू तिथनं. मास्तरांस्नी बसू दे,” कारखान्याचे मालक अंबाजीराव म्हणाले आणि बायाक्का हातमागावरून उठली. लग्न होऊन वडगावात आल्यापासून ती नवऱ्याच्या डाव्या हाताला बसत आलेली. लुगडं रुंद; कल्लाप्पानं उजवीकडून आडवं सूत नेणारा धोटा फेकायचा, हिनं डावीकडं झेलून परत पाठवायचा. नवराबायकोचा अबोला असला तरी धोट्याची ये-जा कधी थांबली नव्हती, आणि अबोला तर दर आठवड्याला असायचाच.

मास्तर म्हणजे सरकारी विणकाम खात्यातले तम्मण्णा. माणूस भला, तपकिरीपलीकडे काही खोड नाही. त्यांनी नवा दोरीचा धोटा आणला होता. दोरीला हिसका दिला की तो या काठापासून त्या काठापर्यंत आपला आपण पळायचा. कामावरच्याच माणसाला कारखान्यात शिकवायचं आणि तो शिकेपर्यंत त्याची रोजची मजुरी सरकारनं द्यायची, अशी योजना होती. स्वतःच्या खिशाला चाट नाही म्हटल्यावर मालकांना सरकारचं भारीच प्रेम आलं होतं.

“मास्तर, हिलाबी शिकवा की,” कल्लाप्पा म्हणाला. “ह्यो माग आमा दोघांचा हाय.”

“मंजुरी एका मागाला एकाच माणसाची आहे, बाबा. आणि आता दुसरं माणूस लागतंय कशाला?” मास्तर सहज बोलून गेले. मग त्यांचं लक्ष बायाक्काकडं गेलं आणि त्यांनी उगाचच तपकिरीची डबी उघडली.

बायाक्का भिंतीशी सुताच्या कांड्या भरत बसली. इकडे कल्लाप्पाला काही केल्या जमेना. दोरी ओढली की धोटा उडून खाली पडे, सूत तुटे, बाकीचे विणकर हसत. खोटं कशाला बोला, मनातून बायाक्कालाही बरं वाटे. पण एका दुपारी तिची नजर नवऱ्याच्या मनगटावर गेली. हिसका देताना तो ते मुद्दाम आखडून घेत होता. इतकी वर्षं त्या हाताशेजारी बसलेली बाई ती. तो हात चुकतो कधी आणि चुकवतो कधी, हे तिला न कळायला काय झालं? तिच्यासाठी हा माणूस सगळ्यांपुढं अडाणी ठरत होता.

दिवे लागायच्या वेळी मालकांनी बजावलं, “कल्लाप्पा, उद्या जमलं न्हाय तर तुज्या जागी पलीकडच्या मागावरच्या भरमाला बसवतो बघ. सरकार काय जन्मभर शिकवत बसणार न्हाय.”

घरच्या वाटेवर बायाक्का म्हणाली, “सोंग बास करा आता.”

“कसलं सोंग?”

“मला सांगताय व्हय?”

कल्लाप्पानं मनगट चोळलं. “मी शिकलो की तुला कायमचं उठीवत्यात गं.”

“मला उठीवलंयच. तुमी न्हाय शिकला तर दोघांस्नीबी उठीवतील.”

“मग मी करू तरी काय?”

“शिका.”

एवढं बोलून ती झपाझपा पुढं निघाली. मास्तर वाईट नव्हते, मालक इतरांपेक्षा वाईट नव्हते, सरकार तर पदरचे पैसे घालत होतं. शिव्या द्याव्यात असं कोणी सापडेना, याचंच तिला रडू येत होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणवेळेच्या आधीच कल्लाप्पाचा धोटा सुरळीत पळू लागला. मास्तरांनी त्याची पाठ थोपटली, मालकांनी खडेबाजारातून पेढे मागवले. कल्लाप्पानं आपला पेढा तसाच हातात धरून ठेवला.

मागाखालचा पाय सोडायचा खड्डा दोघांच्या बेताचा होता. त्याचा डावीकडचा भाग आता रिकामाच. मालकांनी माती टाकून तो बुजवून घेतला.

“बायाक्का, एवढं सारवून दे गं. तुजं सारवण लई झ्याक असतंय,” ते म्हणाले. त्यांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं.

तिनं शेण कालवलं, पदर खोचला आणि आपल्या जागेवर पोतेरं फिरवू लागली. कडेकडेनं, नीट, घरची चूल सारवावी तसं. वर दोरीचा आवाज थांबला.

“थांबू नगासा,” ती मान वर न करता म्हणाली. “मालक बघत्यात.”

कल्लाप्पानं दोरी ओढली. सणकन धोटा डावीकडं आला आणि बायाक्काचा शेणानं भरलेला हात झेलायला आपसूक वर उठला. तोवर धोटा परत गेलाही होता.