हर्षदाची राहिलेली तपासणी

१२ जानेवारी २००३, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं. दौंडमधल्या एका तपासणी शिबिरात सात वर्षांच्या हर्षदाचं नाव पुकारलं गेलं. दहा चव्वेचाळीसला तपासणी संपली. नाव विचारलं, उत्तर आलं नाही. चित्रांतला चेंडू दाखव म्हटलं, तर ती डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत राहिली. डॉ. रश्मी ओव्हाळ यांनी कागदावर ‘मतिमंद’ लिहिलं, खाली सही केली आणि पुढचं नाव घ्यायला सांगितलं. बाहेर अजून साठेक मुलं होती.

रश्मी दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढली. तीन वर्षांपासून शिरूरला तिचा लहान मुलांचा दवाखाना होता. सर्दी-जुलाबाच्या रांगेला ती कंटाळली होती. मुलांची वाढ, बोलणं, वागणं, एवढ्याच विषयाचं वर्षभराचं प्रशिक्षण मुंबईत सुरू झालं होतं आणि तिकडे वळावं असं तिच्या मनात होतं. अर्जासोबत स्वतः तपासलेल्या एका मुलाची सविस्तर नोंद जोडायची होती. शिबिराच्या यादीतून तिने हर्षदाचं नाव काढलं आणि मे महिन्यात एका संध्याकाळी तळेगाव ढमढेरेच्या पुढच्या वस्तीवर गेली.

“पहिल्यापासून सगळं सांगा, ताई. सावकाश,” ती हर्षदाच्या आईला, प्रतिभाला म्हणाली.

आजोबा रखमाजी बाजेवर बसून दोर वळत होते. “आज येळ हाय व्हय, बाई?”

रश्मीने वही उघडली. “शाळेत जाते ना?”

“जात हुती,” प्रतिभा म्हणाली. “तुमचा कागद दावला आन् गुरुजींनी घरी धाडली. म्हनले, हिची शाळा येगळी असती.”

“कुठं?”

“ते न्हाई सांगितलं.”

तेवढ्यात मेंढ्या रानातून आल्या. हर्षदा वाघरीत, कोकरं कोंडायच्या जाळीत, शिरली. आत बावीस कोकरं होती, रश्मीला सगळी सारखीच दिसत होती. हर्षदा एकेक कोकरू उचलायची, ओरडणाऱ्या कळपात शिरायची आणि नेमकं त्याच्या आईखाली सोडायची. एकदाही ती थबकली नाही.

“चुकत नाही?”

“चुकली तर मेंढी पाजती व्हय? ढुशी देती,” रखमाजी म्हणाले. “ह्या कामाला मला चष्मा लागतो. तिला न्हाई.”

रश्मीने हाक मारली. हर्षदा पाच पावलांवर पाठमोरी उभी होती. दुसरी हाक मोठ्याने मारली. तिसऱ्या हाकेला मेंढ्यांनी माना वळवल्या, हर्षदाने नाही.

रखमाजींनी बाजेवरून उतरून जमिनीवर पाय आपटला. हर्षदा वळून हसली.

“हाका मारून काय उपेग, बाई. असं करायचं.”

रश्मीचं पेन थांबलं. “तिला ऐकू येत नाही, हे तुम्हाला माहीत होतं?”

“दोन वर्साची हुती तवा लई ताप आला,” प्रतिभा म्हणाली. “त्येच्या आदी आई, आबा म्हनायची. मंग बंदच झालं. त्या दिवशी तेच सांगाय लागले हुते. तुम्ही म्हनला, इचारलं तेवढंच सांगा.”

असं म्हटल्याचं रश्मीला आठवत नव्हतं. पण वाक्य तिचंच होतं. शिरूरच्या दवाखान्यात ते ती रोज कुणाला तरी ऐकवत असे.

“आबा, एक तपासणी राहिलीय.”

“राह्यली म्हंजी? आमी आलो न्हाई का?”

“तुम्ही आलात. मी केली नाही.”

रखमाजी परत बाजेवर बसले. “मंग ते लिव्हलेलं खोडा.”

“तो कागद शाळेत आहे.”

आपण इथे कशासाठी आलो हे तिने अजून त्यांना सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. मान वर न करता सांगितलं. मुंबईचं शिक्षण, अर्ज, जोडायची नोंद. “आता नाही पाठवत,” म्हणत तिने वही मिटली.

प्रतिभाने मिटलेली वही तिच्यापुढे सरकवली. मग म्हणाली, “धाडा की. पर आता समदं लिव्हा.”

२७ मे रोजी पुण्यात हर्षदाच्या कानांची तपासणी झाली. दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नसल्याचं निघालं. ९ जूनला रश्मीचा अर्ज मुंबईला गेला. नोंदीच्या पहिल्याच ओळीत तिने तपासणीला दिलेला वेळ लिहिला: चार मिनिटं.

१६ जूनला शाळा उघडली. नवा दाखला घेऊन रश्मी स्वतः मुख्याध्यापकांकडे गेली. जानेवारीतला शेरा चुकीचा होता, ऐकण्याची तपासणी मी केली नव्हती, असं त्यात लिहिलेलं होतं. मुख्याध्यापकांनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

“सही दोन्हीवर तुमचीच आहे, मॅडम. खरा कुठला धरू?”

तिने नव्यावर बोट ठेवलं.

“तेव्हाही तुम्ही असंच खात्रीनं लिहिलं असेल की. वरून पत्र येऊ द्या.”

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मुंबईहून मुलाखतीचं पत्र आलं. ते रश्मीने वस्तीवर कळवलेलं नाही. हर्षदासाठीचं पत्र शाळेत आलेलं नाही. रखमाजी तिला रोज सकाळी शाळेत सोडतात. हजेरीत नाव नसल्यामुळे ती वर्गाबाहेरच्या पायरीवर पाटी घेऊन बसते आणि दारातून दिसतो तेवढा फळा उतरवून घेते.