राखून ठेवलेला दम

आमच्या मामंजींनी, म्हणजे दत्तारामांनी, अख्खा जन्म गिरणीत कापूस पिंजण्याच्या खात्यात काढला. गिरणी सुटली, पण तिथली धूळ त्यांच्या छातीतून काही सुटली नाही. घाटकोपरच्या टेकडीवरच्या आमच्या खोलीत ते नुसते कुशीवर वळले तरी छातीची घरघर मला स्वयंपाकापाशी ऐकू यायची.

त्यांना एकच घोर होता, गाऱ्हाण्याचा. टेकडीखाली आमच्या कोकणातल्या गावकऱ्यांचा गणपती बसायचा आणि देवापुढे सगळ्यांच्या वतीनं गाऱ्हाणं घालायचा मान मामंजींचा होता. त्यांनी एकेक मागणं मागायचं आणि जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून त्याला होकार द्यायचा. त्यासाठी आवाज खणखणीत लागतो. मामंजींचे चुलतभाऊ धोंडूकाका कैक वर्षं या मानावर डोळा ठेवून होते. मामंजींना नुसता ठसका लागला तरी काकांचा चेहरा खुलायचा.

त्या वर्षी मामंजींनी आषाढातच खाट धरली. मोरीपर्यंत जायलाही कुरकुर. मी विचारलं तर म्हणाले, “देवान श्वास मोजून दिलेले आसत. मी गणपतीसाठी राखून ठेवतंय.”

“श्वास काय रॉकेल आसा, डब्यात भरून ठेवूक?” मी म्हटलं. सुनेनं असं बोलू नये, पण माझी जीभ पहिल्यापासून तिखटच.

श्रावणात ते खाटेवरून उठले आणि पाय लटपटून पुन्हा खाली बसले. मी घाबरले आणि स्टेशनजवळच्या डॉक्टरांना घेऊन आले. त्यांनी छाती तपासली, मग मांड्या दाबून पाहिल्या.

“छातीतलं जुनं दुखणं मला काढता येणार नाही,” ते म्हणाले. “पण बसून बसून तुम्ही पायही घालवलेत. पाय कमजोर झाले की तेवढ्याच कामाला जास्त दम लागतो. रोज थोडं चाला. धाप लागली की थांबा, चूल फुंकतो तसा ओठ आवळून हळूहळू श्वास सोडा.”

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांना चाळीच्या गॅलरीत चालवू लागले. ते मला शिव्या देत, मी त्या ऐकत, आणि दोघं चालत राहत असू. आधी नळापर्यंत, मग पायऱ्यांपर्यंत. त्यांचा हात माझ्या खांद्यावर असे. कुठे त्यांचा श्वास तुटतो, ते मला त्यांच्याआधी कळू लागलं. छाती तीच राहिली, पण पाय परतले. चतुर्थीला ते अख्खी टेकडी थांबत थांबत, पण आपल्या पायांनी उतरले.

आरती झाली. मामंजी हात जोडून उभे राहिले. “बा देवा गणेशा, तुझी लेकरा तुझ्या पायाकडे गोळा झाली हत…”

“व्हय म्हाराजा.”

“कोणाच्या घरात आजारपण आसात, तर ता…”

तिथेच दम तुटला. वाक्य अर्धं लोंबत राहिलं. धोंडूकाका घसा खाकरून पुढे सरकले. मला राहवलं नाही. बायकांच्या घोळक्यातूनच मी मोठ्यानं म्हटलं, “व्हय म्हाराजा.”

दोन-चार माना वळल्या. पण एकानं म्हटलं की दुसरा म्हणतोच. साऱ्या मांडवानं होकार दिला आणि तेवढ्यात मामंजींनी श्वास घेतला. “…ता दूर कर.” मग मला वाटच सापडली. श्वास तुटायला आला की मी ‘व्हय’ म्हणायची आणि माझ्यामागून सगळे म्हणायचे. गाऱ्हाणं तसं शेवटापर्यंत आलं.

आता देवापुढे नारळ ठेवून संपवतील असं मला वाटलं. पण मामंजी थांबले, आणि त्या वेळी दम तुटला नव्हता.

“आनी पुढल्या वर्सापासून ह्या गाऱ्हाणा धोंडू घालतलो. तेका माझ्यापेक्षा मोठो दम दी, म्हाराजा.”

या मागण्याला कुणीच ‘व्हय’ म्हटलं नाही. धोंडूकाका मान खाली घालून उभे राहिले. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली त्याला होकार द्यायला त्यांचंही तोंड उघडेना. आणि होकाराशिवाय मागणं देवापर्यंत पोचत नाही, असं आम्ही मानतो. मामंजी हात जोडून वाट पाहत होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

नाही म्हणावंसं वाटत होतं. पण त्यांच्या छातीत किती उरलंय ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

“व्हय म्हाराजा,” मी म्हटलं. या खेपेला माझ्यामागून कुणी म्हटलं नाही. मामंजी समाधानानं हसले आणि मी तिथेच सगळ्यांसमोर रडले.